अकरा नंबरचा चॅनेल

पडघा ते दिघाशी या पट्ट्यात गेल्या वीस वर्षांत तुम्ही एखाद्या हळदीला गेला असाल आणि स्टेजच्या डाव्या बाजूच्या अरुंद टेबलावर चहाचा ग्लास ठेवला असेल, तर आता ऐकून घ्या. ते टेबल नव्हतं. ती गिटार होती, आणि तिच्यामागे स्टुलावर बसलेला जो माणूस काही न बोलता तुमचा ग्लास उचलून खाली ठेवत होता, तो ती वाजवणारा होता. तुम्ही एकटेच नाही, नवरदेवाच्या मामापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांनी तिच्यावर काही ना काही ठेवलंय. नारळ ठेवलेत, हळदीची ताटं ठेवलीत. एकदा एक बाई तिच्यावर पोराला निजवायला निघाली होती.

मी पंढरी भोईर, पडघ्याचा साउंडवाला. माइक शिट्टी मारायला लागला की तेवढ्यापुरती लोकांना साउंडवाल्याची आठवण होते, त्यामुळे माझं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. या गोष्टीत मी चांगला माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तो वाजवणारा म्हणजे रवींद्र सोमा रोकडे, आमचा रवीदादा. नारपोलीत राहणारा, लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, जॉबर. लूम अडली की पाना घेऊन तिच्या पोटात शिरतो तो जॉबर. रवीदादाने वयाच्या सतराव्या वर्षी पाना हातात घेतला तो अजून खाली ठेवलेला नाही. लहानपणी वस्तीतल्या गायन पार्टीत तो मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार शिकला. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत दांडा धरायचा, तो तारेवरून सरकवायचा, की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरत जातो. मग कधीतरी कुणाच्या तरी मोबाइलवर त्याने परदेशातली एक गिटार बघितली. चार पायांवर उभी, खाली पायाने दाबायची पेडलं, पेडल दाबलं की वाजत असतानाच तार ताणली जाते आणि सूर बदलतो. पेडल स्टील म्हणतात तिला. दुसरा कुणी असता तर काय आवाज आहे म्हणून हळहळला असता. रवीदादाने व्हिडिओ तीनदा बघितला आणि म्हणाला, "ही तर लूमच हाय."

आठ महिन्यांत त्याने ती बनवली. भंगारात निघालेल्या लूमची सागाची फळी, लूमच्याच स्प्रिंगा, जुन्या सायकलींच्या ब्रेकचे रॉड. दहा तारा, चार पेडलं. मालकाने टाकून दिलेल्या मशीनमधून वाद्य काढणारा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही. वस्तीतली माणसं विचारायची, काय रवी, इस्त्रीचा धंदा टाकतोस का. तोही हसायचा.

त्याची मांडणी बघायला मी मुद्दाम लवकर पोचायचो. स्टेजच्या फळ्या कधी सपाट नसतात, म्हणून तो घरून प्लायचा तुकडा आणायचा. प्लाय टाकायचा, गवंड्याची पाणसळ लावायची, वर्तमानपत्राच्या घड्या खाली सारून पातळी आणायची. मग गिटार उलटी ठेवून पाय पिळायचे, सरळ करायची, वाकून एकेक रॉड अडकवायचा. डाव्या पायाखाली चार पेडलं, उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायचं पाचवं. मागे खुर्चीवर स्वतःचा आवाजाचा बॉक्स. तारा आधी मोकळ्या लावायच्या, मग प्रत्येक पेडल दाबून परत लावायच्या, दहा मिनिटं थांबायचं, हवेला तारा बसल्या की पुन्हा पहिल्यापासून. सगळं मिळून पाऊण तास. तेवढ्यात ढोलकीवाला येऊन, जेवून, तंबाखू मळून मोकळा झालेला असायचा.

घाई कर म्हटलं की म्हणायचा, जॉबर निघून गेल्यावर लूम थांबली तर ती जॉबरची अब्रू.

तो वाजवायचा ती हळदीची गायन पार्टी दिघाशीच्या भाऊंची. भाऊ म्हणजे जमीनजुमला असलेला आगरी माणूस, निम्म्या शेतावर आता गोडाऊन उभी आहेत. गाण्याचं वेड त्यांना आईकडून आलेलं. त्यांची आई धोंडूबाई धवलारीण होती; आमच्याकडे लग्नात जी बाई हळदीचे, मांडवाचे धवले गाते ती धवलारीण. तिच्या साथीला कुठलंच वाद्य टिकायचं नाही, कारण धवल्याचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असतो. एका हळदीला धोंडूबाई गात असताना रवीदादाने नुसती एक तार धरली आणि म्हातारीच्या गळ्यामागून तिला सरकवत नेली. म्हातारी गाता गाता थांबली, वळून बघितलं आणि पुन्हा गायला लागली. भाऊंनी त्याच दिवशी सगळ्यांसमोर शब्द दिला, ही पार्टी आहे तोवर रवीची जागा कुणी हलवायची नाही. पुढे अंथरुणाला खिळल्यावरही त्यांनी मुलाला, भावेशला, जवळ बोलावून तेच सांगितलं. मी तिथे होतो.

भाऊ गेले. भावेशने शब्द पाळला. कसा पाळला ते ऐका.

भावेशने पार्टी नव्याने उभी केली. मागे सगळी भिंत भरून एलईडी आली, डिजिटल मिक्सर आला, कीबोर्डवर प्रितेश नावाचा हुशार मुलगा आला. जागा कमी पडते म्हणून रवीदादाचा मागचा बॉक्स काढला आणि गिटारीची वायर सरळ माझ्या मिक्सरला जोडली, अकरा नंबरच्या चॅनेलवर. मग एकदा प्रितेश म्हणाला, दादा, तुमचा आवाज कीबोर्डमध्ये भरून ठेवू, कधी तार तुटली तर अडायला नको. रवीदादाला ते पटलं. लूमचा सुटा भाग कपाटात असलेला बराच. तो दोन दिवस बसला. एकेक सूर वाजवून दिला. साधा, खालून घसरत येणारा, वरून उतरणारा, हळू दाबलेला, जोरात दाबलेला. प्रितेशला इतकं नकोच होतं. पण काम अर्धवट सोडायचं रवीदादाच्या रक्तात नव्हतं. स्वतःच्या हाताने, पाणसळ लावून, त्याने स्वतःचा खड्डा खणून दिला.

त्यानंतरच्या गणपतीत भावेश माझ्या मिक्सरपाशी आला आणि म्हणाला, अकरा नंबर फक्त त्याच्या मॉनिटरला ठेव, बाहेर नको. मला वाटलं गंमत करतोय. वाजवणाऱ्याच्या पुढ्यात एक तिरका स्पीकर असतो, तो मॉनिटर. त्यात त्याला त्याचंच वाजवणं ऐकू येतं. लोकांकडे तोंड करून असतात ते मोठे स्पीकर वेगळे. कुणाला काय ऐकवायचं ते माझ्या बोटांवर असतं. भावेशचं म्हणणं असं होतं की आता सगळी गाणी ट्रॅकवर, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या साथीवर, चालतात, गिटार उकाड्याने जराशी उतरते, कीबोर्ड उतरत नाही, आणि तोच आवाज प्रितेशकडे आहे.

मी म्हटलं, मग त्याला सरळ सांग ना, उद्यापासून येऊ नको म्हणून.

"बाबांनी जागा दिलीय त्याला," भावेश म्हणाला. "आवाज न्हाय दिला."

मी तेव्हा मिक्सर बंद करून निघून गेलो असतो तर आज ही गोष्ट सांगायला बसलो नसतो. मी गेलो नाही. भावेशच्या पार्टीवर माझा अर्धा हंगाम चालतो, आणि भित्र्या माणसाला असं कारण लगेच सापडतं. मी मिक्सरवरची अकरा नंबरची बाहेरच्या आवाजाची दांडी खाली ओढली आणि रवीदादाचा मॉनिटर इतका मोठा केला की त्याला बाहेरचं काही ऐकूच येऊ नये.

गणपती झाले, दिवाळी झाली, लग्नाचा हंगाम सुरू झाला. रवीदादा दर वेळी सगळ्यांच्या आधी यायचा, प्लाय टाकायचा, पाणसळ लावायचा, वर्तमानपत्राच्या घड्या करायचा. मग चार-चार तास डोळे मिटून वाजवायचा, आणि त्यातला एक सूर स्टेजच्या खाली उतरायचा नाही. प्रितेश त्याच जागा कीबोर्डवर वाजवायचा आणि रवीदादाकडे पाठ करून उभा राहायचा. व्हिडिओवाले गिटारीचेच फोटो काढायचे, कारण ती दिसायला छान होती. एकदा रवीदादा मला म्हणाला, "पंढरी, हल्ली आवाज लई चांगला देतोस. मला एवढा साफ कधीच आला न्हाय." मी म्हटलं, नवीन मिक्सर आहे.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

कमळाबाईने लूमच्या कारखान्यात पस्तीस वर्षं कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात बसवायच्या दोऱ्याच्या नळ्या. साठ लूम एका छपराखाली. त्या आवाजाने कान जातात, आणि सगळे एकदम जात नाहीत; बारीक, वरचे आवाज आधी जातात, जाडे राहतात. तिला ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा, नातीची हाक यायची नाही. रवीदादा घरी सराव करायचा तो बॉक्स न लावता, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. तारांची ती बारीक किणकिण तिच्यापर्यंत काय पोचणार. तिला दिसायचं एवढंच, की कारखान्यातून दमून आलेला मुलगा घरी पुन्हा एका लूमपाशी बसतो, पाय हलवतो, हात हलवतो. ती चंद्रावहिनीला, म्हणजे रवीदादाच्या बायकोला, विचारायची, ह्यातून कापड तरी निघतं का. लोकांच्या हळदीला ती कधी आली नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या मांडवात जायचं नाही, असा तिचा बाणा होता, आणि या मुलखात तो तिला का धरावा लागला असेल हे मला कुणी समजावायची गरज नाही.

आपलं वाजवणं आईने एकदा ऐकावं, बाकी या गिटारीकडून मला काही नको, असं रवीदादाने मला टेम्पोत कितीदा सांगितलं असेल. साठीला टेकलेला माणूस, पण हे बोलताना शाळकरी वाटायचा.

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीला नारपोलीत त्याच्याच वस्तीत कार्यक्रम ठरला. पार्टी आमचीच. त्याच्या शब्दावर वस्तीने भावेशला बोलावलं होतं. कमळाबाई पांढरं पातळ नेसून पहिल्या रांगेत खुर्चीवर येऊन बसली. मोठा स्पीकर तिच्यापासून दहा हातांवर. रवीदादाने त्या दिवशी पाऊण तासाचा तास लावला.

मी मिक्सरमागे उभा होतो आणि मनाशी ठरवलं होतं की आज दांडी वर करायची, काय व्हायचं ते होऊ दे. दुसऱ्या गाण्याला केलीही. एक ओळभर रवीदादाचा खरा आवाज बाहेर गेला. पण त्याच वेळी प्रितेश तीच ओळ वाजवत होता, उकाड्याने गिटार केसभर उतरली होती, आणि दोन आवाज एकमेकांना घासले. लोकांनी कान टवकारले. भावेशने वळून माझ्याकडे बघितलं. मी दांडी खाली ओढली. प्रितेशला इशारा करून त्याचा आवाज थांबवता आला असता. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी लोकांना सांगतो. सुचलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर कमळाबाई स्वतः उठून स्टेजपाशी आली. मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आज ऐकू आलं." एवढंच. पण पुढे महिनाभर ती वस्तीत दारोदार सांगत फिरली, माझा रवी कसा वाजवतो, रडू येतं. रवीदादा दुसऱ्या दिवशी सकाळी नारपोलीहून पडघ्याला आला, फक्त माझे हात धरायला. तुझ्यामुळे ऐकू आलं तिला, म्हणाला. मी त्याला चहा पाजला. माझ्या बायकोने नंतर विचारलं, रवीदादा एवढे खूश आणि तुमचं तोंड असं का. मी तिच्यावर ओरडलो.

जून संपताना कमळाबाई मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं. अंथरुणावर पडल्या पडल्या तिने एकच धोशा लावला, ते वाजव, जयंतीला वाजवलेलं.

रवीदादाने बॉक्स लावला, गिटार तिच्या खाटेपाशी मांडली आणि वाजवलं. ती ऐकत राहिली, मग हात हलवून म्हणाली, हे नाही. त्याने आवाज वाढवला. हे नाही. त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या तारा बदलल्या. तिसऱ्या दिवशी स्प्रिंगा बदलल्या. कामाचे खाडे करून त्याने अख्खी गिटार उलटी केली, रॉड तासले, पेडलांची उंची बदलली. तीन आठवडे. चंद्रावहिनी सांगत होत्या की माणूस जेवत नाही, मधेच उठून लेव्हल बघतो. आपल्या मशीनमध्ये दोष आहे आणि तो आपल्याला सापडत नाही, जॉबरला याच्याहून मोठी लाज नाही. शेवटी त्याला वाटलं, गिटार ठीक आहे, फरक साउंडचा असेल. त्याने मला फोन केला.

"तू त्या दिवशी जसा ठेवला होतास, तसा ठेवून दे," म्हणाला. "तुला सगळं लक्षात असतं."

मी शुक्रवारी गेलो. शुक्रवारी लूम बंद असतात, नारपोलीत माणसाचं बोलणं ऐकू येतं. एक मोठा स्पीकर आणि छोटा मिक्सर घेऊन गेलो. मनात म्हणत होतो, खालचा आवाज भरपूर वाढवू, थोडा घुमारा देऊ, म्हातारीला कळणार नाही. रवीदादाने मांडणी केली. मी जमेल ते सगळं केलं. आणि खरं सांगतो, त्या दिवशी तो असा वाजवत होता की पार्टीतल्या वीस वर्षांत मी तसं ऐकलं नव्हतं. खाटेवरची ती वाळलेली बाई आणि तिच्याकडे बघत तारेवरून हात सरकवणारा मुलगा.

कमळाबाई म्हणाली, "तसं न्हाय रे, रवी. त्या दिवशी भरून आल्यासारखं होतं. हे लांबून येतंय."

कारण मला माहीत होतं. प्रितेशने रवीदादाच्या सुराला खाली एक जाडा सूर जोडून ठेवला होता, कीबोर्डवर एक पट्टी दाबली की दोन्ही वाजायचे. लूमने कमळाबाईच्या कानांत जेवढं शिल्लक ठेवलं होतं, तेवढ्यात तो जाडा सूरच जात होता. तिच्या मुलाची गिटार त्या कानांपर्यंत पोचणारच नव्हती, आजही नाही आणि उद्याही नाही. जयंतीला दांडी वर असती तरी कदाचित पोचली नसती. हे मी स्वतःला सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

रवीदादा पुन्हा पाना शोधायला लागला. तिसरं पेडल जास्त ओढतंय, असं पुटपुटत तो गिटारीखाली शिरला. मला ते बघवेना. मी त्याला बाहेर गल्लीत बोलावलं आणि बंद कारखान्याच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं. अकरा नंबर, मॉनिटर, कीबोर्ड, भावेशचं वाक्य, सगळं. मी बोलत होतो तोवर तो हातातला पाना पँटीला पुसत होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"गणपतीपासून."

तो हिशेब करत असावा. ओठ हलत होते. मग म्हणाला, "म्हणजे जयंती त्यात आली."

मी मान हलवली. मग माझ्या तोंडून नको ते निघून गेलं. मी म्हटलं, दादा, कीबोर्डमध्ये आहे तेही तूच वाजवलेलं आहेस, एका अर्थाने आईने तुलाच ऐकलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता पाना माझ्या डोक्यात घालणार, आणि देवाशपथ, मी डोकं पुढे केलं असतं.

"मला पहिल्या दिवशी जागेवरून उठवलं असतं, तर मी उठलो असतो," तो म्हणाला. "पाऊण तास मांडत बसलो असतो का मी?"

त्याचा आवाज चढला नाही. मी रडायला लागलो. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. मग त्याने विचारलं की प्रितेश नारपोलीला येईल का. मला आधी कळलंच नाही कशासाठी.

पुढच्या शुक्रवारपर्यंत कमळाबाईचं जेवण सुटलं होतं. प्रितेशपासून मी काही लपवलं नाही. तो कीबोर्ड खांद्याला लावून आला, दारातच रवीदादाच्या पायांना हात लावायला वाकला. रवीदादाने पाय मागे घेतले आणि त्याला आत जागा दाखवली. एकच खोली, मधे पडदा, पडद्यामागे ओटा. ओट्यावरची भांडी चंद्रावहिनींनी उतरवून ठेवली होती. कीबोर्ड तिथे मांडला. स्पीकर रवीदादाने गिटारीच्या बरोबर खाली, पेडलांच्या मागे ठेवायला सांगितला.

मग तो मांडायला बसला. प्लाय टाकला. पाणसळ लावली. पाय पिळले, रॉड अडकवले, दहाच्या दहा तारा लावल्या, पेडल दाबून परत लावल्या. थांबला. पुन्हा लावल्या. पाऊण तास पूर्ण. मी हळूच म्हटलं, दादा, आज तारा कशाला लावतोस. त्याने वर न बघता सांगितलं की आईला हात ओळखू येतो.

शेवटी माझ्या मिक्सरला जोडलेली गिटारीची वायर त्याने स्वतःच उपटली, गुंडाळली आणि खाटेखाली सारली. पडद्याच्या फटीतून त्याला प्रितेश दिसत होता. त्याने मान हलवली.

जयंतीचं गाणं सुरू झालं. रवीदादा पहिल्या सुरापासून बरोबर होता. दांडा सरकायचा तिथे सरकत होता, पेडल दाबायचं तिथे दाबलं जात होतं, उजवा पाय आवाज चढवायच्या जागी चढवत होता. वायर नसलेल्या गिटारीची किणकिण स्पीकरच्या आवाजाखाली मला, खाटेपाशी उभ्या असलेल्या मलासुद्धा, ऐकू येत नव्हती. इतके महिने तो न कळता जे करत होता, ते आता कळून करत होता, आणि केसभरही चुकत नव्हता. चंद्रावहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

कमळाबाईचे डोळे उघडले. तिने मान थोडी वळवली, मुलाच्या हातांकडे बघितलं. चेहरा सैल झाला.

"हां," ती म्हणाली. "हेच." आणि जरा वेळाने, रुसल्यासारखं, "इतके दिवस का न्हाय वाजवलंस?"

"हात बसत नव्हता, आई," रवीदादा म्हणाला.

गाणं संपलं. तिने बोट वर करून पुन्हा वाजव म्हणून खूण केली. रवीदादाने दांडा पहिल्या जागेवर आणून ठेवला, पडद्याकडे बघून मान हलवली, आणि प्रितेशने पुन्हा सुरुवात केली.